मेंढरं बसवली, गोठा वाढला... मग विहिरीत नायट्रेट कसं उतरतं?

दिवाळी झाली की माण, खटाव, फलटण, पारनेर या भागांतली धनगरांची खांडं चाऱ्यासाठी बाहेर पडतात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडची कित्येक खांडं थेट घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवली जातात. शेतकरी त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख देतो. एकदा मेंढरं बसलेलं रान पुढच्या हंगामात लांबूनच ओळखू येतं, पीक काळंभोर असतं. खताचे भाव पाहता हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे आणि तो टिकायला हवा.

पण ज्या नायट्रोजनमुळं पीक काळंभोर होतं, तोच नायट्रोजन जमिनीखाली उतरला तर विहिरीच्या पाण्यात नायट्रेट म्हणून सापडतो. गावातल्या विहिरीचा किंवा हातपंपाचा अहवाल 'पिण्यास अयोग्य' आला की मग चर्चा सुरू होते. कुणी युरियाकडं बोट दाखवतं, कुणी शौचालयाच्या शोषखड्ड्याकडं, कुणी मेंढरांच्या वाड्याकडं. यात जनावरांचा वाटा नेमका किती, कुठं आणि कधी, हे समजून घेतलं तर अर्धी भांडणं मिटतील.

लेंडी नव्हे, मूत

जनावर जे खातं त्यातला बराचसा नायट्रोजन शरीरात राहत नाही. दूध, मांस, लोकर यांत जातो तो थोडा, उरलेला सगळा शेण-लेंडी आणि मुतातून बाहेर पडतो. साधारणपणे खाल्लेल्या नायट्रोजनपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग परत जमिनीवर येतो असं धरून चालायला हरकत नाही.

शेणातला आणि लेंडीतला नायट्रोजन सेंद्रिय रूपात बांधलेला असतो. तो सावकाश, महिनोन्‌महिने, कधी वर्षभर सुटत राहतो. पाण्याबरोबर पळून जायची त्याला घाई नसते. मुताचं तसं नाही. त्यातला बहुतेक नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, म्हणजे आपण गोणीतून टाकतो तोच पदार्थ. जमिनीत पडल्यावर एक-दोन दिवसांत त्याचा अमोनिया होतो. सकाळी वाड्यावर डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो याचाच, आणि तो वास म्हणजे हवेत उडून चाललेलं खत. जो अमोनिया जमिनीत राहतो त्याचं मातीतले जिवाणू काही आठवड्यांत नायट्रेट करतात.

खरी गोम इथं आहे. अमोनियाला मातीचे कण धरून ठेवतात, कारण त्याच्यावर धन भार आणि मातीच्या कणांवर ऋण भार असतो. नायट्रेटवर मात्र मातीसारखाच ऋण भार, म्हणून माती त्याला धरत नाही. पाणी जिकडं जाईल तिकडं तो जातो. पिकाच्या मुळ्यांनी वेळेत उचलला तर धान्य झालं, नाही उचलला तर पाण्याबरोबर मुरमातून खाली.

दुसरी गोष्ट जागेची. गाय एका वेळी साधारण २ लिटर मूत सोडते आणि ते जेमतेम दोन-चार चौरस फुटांत पडतं. त्या तुकड्यापुरता हिशेब केला तर भरपूर हिरवा चारा खाणाऱ्या दुधाळ गाईच्या बाबतीत तो हेक्टरी ५०० ते १,००० किलो नायट्रोजन टाकल्यासारखा होतो. कोणतंही गवत किंवा पीक एवढा नायट्रोजन उचलू शकत नाही. शेजारच्या दोन फुटांवर मात्र काहीच पडलेलं नसतं. सरासरी पाहिली तर कुरणाला खत कमीच दिसतं, आणि तरीही खाली नायट्रेट उतरत असतो.

न्यूझीलंडचा धडा

चरणाऱ्या जनावरांमुळं पाणी कसं बिघडतं याची सगळ्यात जास्त मोजमापं न्यूझीलंडमध्ये झाली आहेत. तिथं गाई गोठ्यात बांधत नाहीत, बारा महिने कुरणावरच असतात. १९९० नंतर दक्षिण बेटावरच्या कँटरबरी भागात मेंढ्यांची कुरणं मोडून मोठ्या प्रमाणात दुधाच्या गाई आल्या. जमीन गोट्याची, पाणी चटकन खाली जाणारी, वर सिंचन. काही वर्षांतच तिथल्या विहिरींमधला नायट्रेट हा राजकारणाचा विषय झाला.

उत्तर बेटावरच्या टाउपो सरोवराची गोष्ट आणखी बोलकी आहे. सरोवराचं पाणी अगदी निळं, नितळ. नायट्रोजन वाढला तर शेवाळ वाढेल म्हणून तिथल्या प्रशासनानं पाणलोटातल्या प्रत्येक शेतावर नायट्रोजनची कमाल मर्यादा घातली. माणसाच्या हातात असलेला नायट्रोजनचा भार २० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं आणि त्यासाठी ८ कोटी न्यूझीलंड डॉलरच्या आसपास सार्वजनिक निधी उभा केला. एवढी घाई का, तर जमिनीखालून पाणी सरोवरात पोचायला काही ठिकाणी कित्येक दशकं लागतात. आज दिसणारं पाणी हे वडिलांच्या काळातल्या कुरणाचं आहे, आजच्या कुरणाचं पाणी नातवंडं पाहतील.

तिथल्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली. वर्षभर पडणाऱ्या मुतापैकी सगळं सारखं धोक्याचं नसतं. हिवाळी पावसाच्या तोंडावर, म्हणजे शरद ऋतूत पडलेलं मूत सर्वांत जास्त खाली उतरतं, कारण तेव्हा गवताची वाढ मंदावलेली असते आणि लगेच पुढं पाणी झिरपायला लागतं. म्हणून तिथले शेतकरी त्या दिवसांत गाई काही तास कुरणावरून काढून पक्क्या किंवा भुसा अंथरलेल्या जागेवर उभ्या करतात. मुतातला नायट्रोजन पातळ व्हावा म्हणून कुरणात प्लँटेन नावाची रुंद पानांची वनस्पतीही पेरतात. नायट्रेट बनण्याची क्रिया मंद करणारं डायसायनडायअमाइड हे रसायन काही वर्षं कुरणावर फवारलं जात होतं. पुढं दुधाच्या भुकटीत त्याचे अंश सापडले आणि २०१३ साली त्याची विक्री थांबवावी लागली. रसायनाचा झटपट उपाय शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडं गणित वेगळं

न्यूझीलंडचे आकडे उचलून आपल्या गायरानाला लावता येणार नाहीत. उन्हाळ्यात आपली जनावरं वाळलेलं गवत आणि कडबा खातात. त्यात प्रथिनं कमी. प्रथिनं कमी असली की मुतातून जाणारा नायट्रोजन सर्वांत आधी घटतो आणि जो जातो तो जास्त करून शेणातून. शिवाय आपली जनावरं दिवसभर फिरती. शंभर-दीडशे एकर गायरानावर विखुरलेल्या मुतानं विहीर बिघडत नाही.

बिघडते ती जनावरं एका जागी थांबतात तिथं. मेंढरांचा वाडा, गोठा, पाणवठा, बाजारतळ, दुष्काळातली चारा छावणी. चरणं हा प्रश्न नाही, उभं राहणं हा प्रश्न आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मेंढरांचा ढोबळ हिशेब करून पाहू. दख्खनी मेंढी दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खाते असं धरलं, तर तिच्या शेण-मुतातून १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन पडतो. त्यातला निम्मा रात्री वाघरीच्या आत. म्हणजे २०० मेंढरांच्या खांडामागं एका रात्रीत सव्वा किलोच्या आतबाहेर. मेंढरं दाटीनं, एका गुंठ्यात बसली असतील तर एकरी हिशेबानं हा आकडा ४८ किलोच्या आसपास जातो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन असतो पावणेएकवीस किलो. म्हणजे एका रात्रीत एकरी दोन गोण्यांहून जास्त. कोरडवाहू बाजरीला शिफारस असते हेक्टरी ४० ते ६० किलो, म्हणजे एकरी १६ ते २४ किलो.

यातला अर्धाअधिक भाग लेंडीत बांधलेला आणि मुतातलाही बराच उन्हात उडून जाणारा, त्यामुळं एका रात्रीचं खत हे पिकाला झेपणारं आहे. पूर्वापार पद्धत म्हणजे रोज वाघर पुढं सरकवायची, ती याच कारणानं शहाणपणाची. पण वाघर न हलवता चार-पाच रात्री तिथंच बसवलं, किंवा विहिरीजवळ सावली आहे म्हणून दरवर्षी त्याच कोपऱ्यात वाडा टाकला, तर तो कोपरा एकरी आठ-दहा गोण्या टाकल्यासारखा होतो. तिथलं पीक लोळतं, आणि उरलेलं खाली जातं.

आता गोठा. हिरवा चारा, पेंड आणि खुराक खाणारी एक संकरित गाय मुतातून रोज ९० ते १०० ग्रॅम नायट्रोजन टाकते. दहा गाईंचा गोठा म्हणजे रोजचा १ किलो, वर्षाला साडेतीनशे किलोच्या पुढं. युरियाच्या १७ गोण्या. हे सगळं कुठं जातं? गोठ्याला सिमेंटचा कोबा आणि मुताची टाकी असेल तर ते खत होतं. गव्हाणीमागचा चर विहिरीकडच्या ओढ्याला सोडलेला असेल तर वर्षानुवर्षं तिथंच मुरत राहतं. घरची विहीर आणि गोठा एकाच वस्तीवर, पन्नास-साठ फुटांवर, हे चित्र आपल्या भागात नवं नाही.

मुक्त संचार गोठ्याबद्दल एक शब्द. जनावरांच्या आरोग्यासाठी ही पद्धत चांगलीच, पण तिथं जमीन मातीची असते. आठ महिने शेण-मूत वाळत राहतं, थर साचतो, काही त्रास दिसत नाही. मृगाचा पाऊस पडला की तोच थर भिजतो. जूनच्या आधी हा थर खरवडून खताच्या खड्ड्यात नेला तर खतही मिळतं आणि विहीरही वाचते. ऑगस्टमध्ये काढून फारसा उपयोग नाही, जायचं ते गेलेलं असतं.

पहिला पाऊस सर्वांत वाईट

उन्हाळ्यात माती कोरडी, मुळ्या नाहीत, पाणी खाली जात नाही. वरच्या थरात नायट्रोजन साठत जातो. पहिल्या पावसानं माती भिजली की जिवाणू एकदम जागे होतात आणि साठलेल्याचं भराभर नायट्रेट होतं. त्या वेळी रानात एक तर पेरणी झालेली नसते, नाही तर पीक दोन पानांवर असतं. उचलणारं कुणी नाही आणि वरून पाणी. न्यूझीलंडच्या शरदात जे होतं ते आपल्याकडं मे-जूनमध्ये होतं.

जमीन कसली आहे त्यावरही बरंच आहे. मुरमाड, हलक्या रानात पाणी सरळ खाली जातं, म्हणून नायट्रेटही. काळी जमीन पाणी हळू सोडते, आणि पाणी साचून राहिलं तर हवेअभावी काही नायट्रेट वायू होऊन उडूनही जातो. मात्र उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून वरची घाण घेऊन थेट खाली उतरतो. त्याखाली आपला काळा पाषाण. त्यात पाणी गाळलं जात नाही, फटीफटीनं पळतं. म्हणून उथळ विहिरीचं पाणी पावसाच्या पहिल्या महिन्यात इतकं पटकन बदलतं.

किती नायट्रोजन उतरला तर बिघडतं? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो, दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. या हिशेबानं १ किलो नायट्रोजन सुमारे १ लाख लिटर पाणी मर्यादेवर नेऊन ठेवतो. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. एका एकरातून वर्षाला १०० मिलिमीटर पाणी खाली मुरलं तर ते होतं ४ लाख लिटर. त्यात फक्त ४ किलो नायट्रोजन उतरला तरी खाली जाणारं सगळं पाणी मर्यादेला टेकतं. पिकासाठी ४ किलो म्हणजे काहीच नाही. विहिरीसाठी तेवढं पुरतं.

दोष एकट्या मेंढपाळाचा नाही

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशातल्या जवळजवळ २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाला. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढं. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव ही आपली नावं आहेत. यातले बहुतेक कापूस-सोयाबीनचे जिल्हे. रासायनिक खत, जनावरांचं शेण-मूत, गावठाणातलं सांडपाणी आणि शोषखड्डे, सगळ्यांचा वाटा एकाच पाण्यात येऊन मिसळतो. सरसकट एकावर बोट ठेवणं सोपं असतं, खरं नसतं.

आपल्या विहिरीपुरता अंदाज मात्र बांधता येतो. नायट्रेटबरोबर ई-कोलाय जिवाणू सापडले तर शेण किंवा मैला जवळपास आहे असं समजावं. जिवाणू नाहीत, भोवती ऊस किंवा भाजीपाला आहे आणि नायट्रेट वर्षभर चढाच राहतो, तर आधी खताच्या मात्रेकडं पाहावं. विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा आहे आणि आकडा फक्त जून-जुलैत उसळतो, तर गोठ्याकडं.

वाडा कुठं, कधी, किती रात्री

मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्यानं खालची काळजी घेतली तर जास्तीत जास्त खत आपल्याच पिकाला लागेल. वाघर रोज हलवावी, एका जागी फार तर दोन रात्री. पिण्याच्या विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला वाडा टाकू नये, जितकं लांब तितकं बरं. मेंढरं उठली की एक-दोन दिवसांत कुळवाची पाळी द्यावी. खत मातीत गेलं की वासावाटे उडून जाणारा अमोनिया वाचतो. ओलीत असेल तर लगेच पीक घ्यावं. मे महिन्यात बसवलेल्या रानात पेरणी लांबवू नये आणि त्या रानाला युरिया नेहमीइतका टाकू नये. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत. मेंढरं बसवूनही गोणी तेवढीच पडते. यात खिसाही रिकामा होतो.

मेंढपाळाशी बोली करताना किती रात्री एवढंच न ठरवता कुठल्या कोपऱ्यापासून कुठल्या कोपऱ्यापर्यंत वाडा सरकवायचा तेही ठरवावं. त्याला रोज वाघर हलवायला कष्ट आहेत, त्याचे दोन पैसे जास्त द्यायला लागले तरी परवडतं.

चारा छावणीची जागा हा ग्रामपंचायतीचा विषय. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर, साताऱ्यात हजारो जनावरं महिनोन्‌महिने एका जागी बांधली गेली आणि छावण्या उठल्या त्या पावसाच्या तोंडावरच. तेव्हा जनावरं जगवणं महत्त्वाचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या वेळी जागा निवडताना नळयोजनेची विहीर कोणत्या अंगाला आहे एवढं पाहायला काय हरकत आहे? छावणी उठताना शेणखताचा लिलाव होतोच, त्याबरोबर वरची चार बोटं माती खरवडून नेली तर उत्तम.

पाझर तलावात जनावरं थेट उतरतात तिथं मूत आणि शेण दोन्ही पाण्यात जातं, आणि शेणातल्या स्फुरदामुळं उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं. बांधाखाली हौद करून पाणी तिथं आणलं की निम्मं काम होतं.

बाळ असलेल्या घरानं हे वाचावं

जास्त नायट्रेटचा तातडीचा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असतो, तोही बाटलीच्या दुधात हे पाणी मिसळलं तर. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यामुळं असं होतं हे १९४५ साली डॉ. कॉम्ली यांनी पहिल्यांदा नोंदवलं, आणि पाण्यातल्या नायट्रेटच्या मर्यादा मुख्यतः याच आजारावरून ठरल्या. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही. बाळ निळसर दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तुरटी, टीसीएल पावडर, कापडाची गाळणी, यांनीही तो जात नाही. आरओ यंत्रानं कमी होतो, पण त्याचा पडदा वेळेवर बदललेला हवा.

तपासणी करायची तर वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पहिला जोराचा पाऊस होऊन दोन-तीन आठवड्यांनी. ग्रामपंचायतीकडं क्षेत्रीय तपासणी संच असतो, गावातल्या काही महिलांना त्याचं प्रशिक्षण दिलेलं असतं, आधी त्यांना विचारावं. त्यात रंग गडद आला तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरावी, बर्फात किंवा सावलीत ठेवून त्याच दिवशी पोचवावी. अहवाल हातात आला की एकक नीट पाहावं. काही ठिकाणी 'नायट्रेट' लिहितात, काही ठिकाणी 'नायट्रेट-नायट्रोजन'. दुसरा आकडा असेल तर त्याला ४.४३ नं गुणावं, मग ४५ शी तुलना करावी. नायट्रेट-नायट्रोजन १२ दिसला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या विहिरीत प्रत्यक्षात ५३ नायट्रेट असतो.